घोट्याचा ब्लॉक: पायाच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीचा रिव्ह्यू

पायाचं ऑपरेशन छोटं असलं तरी त्याचं दुखणं छोटं नसतं. शुगरच्या पेशंटचं एखादं बोट काढलं, तुरीच्या खुंटाने फाटलेला तळवा साफ करून शिवला, रोटाव्हेटरमध्ये सापडलेल्या बोटांना तारा घातल्या, तर पाय खाली लोंबला की रक्त उतरतं आणि ठणका डोक्यात जातो. पहिली रात्र सगळ्यात वाईट. विदर्भातल्या तालुक्याच्या दवाखान्यांत ही रात्र अजूनही बहुतेक वेळा कंबरेतल्या सुईच्या (मणक्यातून दिलेल्या भुलेच्या) भरवशावर सोडलेली असते. ती सुई ऑपरेशनपुरती उत्तम आहे, पण दोन-तीन तासांत उतरते. मग डायक्लोफेनॅकचं एक इंजेक्शन, आणि रात्री दोन वाजता नातेवाईक वॉर्डात सिस्टरला शोधत फिरतात.

हा रिव्ह्यू घोट्याच्या ब्लॉकचा आहे. घोट्याभोवती चार-पाच ठिकाणी बधिर करणारं औषध टोचून फक्त पाऊल दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त सुन्न ठेवायचं, एवढीच ही पद्धत. आमच्या मते खेड्यातल्या दवाखान्यात पहिल्या रात्रीसाठी याहून स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. औषधं आणि सुई दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईल, पण जास्त जागा संध्याकाळच्या वेळापत्रकाला दिली आहे. ‘ब्लॉक फेल गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी सुईच्या नसतात, वेळेवर न दिलेल्या गोळीच्या असतात. मात्रेचे आकडे ऑपरेशन टेबलासाठी आहेत. घरी किंवा गावातल्या कुणा ‘इंजेक्शनवाल्या’कडून हे करून घ्यायची गोष्ट नाही.

आधी औषधं.

बुपिव्हकेन ०.५ टक्के, २० मिलीची बाटली. ॲनाविन, सेन्सॉर्केन अशा नावांनी मिळते. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं हे औषध आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतं. लागायला १५ ते २५ मिनिटं घेतं, हा एकमेव कंटाळा. एकदा लागलं की दहा-बारा तास सोडत नाही, कधी सोळा तासही टिकतं. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो हृदयावरच्या विषारीपणासाठी. रक्तवाहिनीत गेलं तर हृदयाच्या पेशींना हे घट्ट चिकटतं आणि लवकर सुटत नाही. खरेदी करताना एक काळजी घ्या. ‘हेवी’ लिहिलेली ४ मिलीची काचेची कुपी कंबरेतल्या सुईसाठी असते, तिच्यात डेक्स्ट्रोज असतं. ब्लॉकला साधं बुपिव्हकेन लागतं. घाईत दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवले जातात. ठेवू नयेत.

लिग्नोकेन २ टक्के, ३० मिलीची बाटली. तीन-चार मिनिटांत लागतं आणि साधं असेल तर तास-दीड तासात उतरतं. आत रुतलेलं नख काढायला झकास. रात्रीच्या दुखण्यासाठी एकट्याचा उपयोग नाही. मोठ्या बाटलीत बहुधा टिकवण्याचं रसायन, मिथाइलपॅराबेन, घातलेलं असतं. ज्याला ‘झायलोकेनची’, म्हणजे लिग्नोकेनचीच, ‘ॲलर्जी’ म्हणतात ती अनेकदा या रसायनाची असते, किंवा सुईच्या भीतीने आलेली घेरी असते. म्हणून कातडीत थोडं टोचून अर्धा तास बघायच्या ‘टेस्ट’वर फार विसंबू नये. खरी ॲलर्जी अतिशय विरळ आहे, आणि ती टेस्ट तिला खात्रीने पकडत नाही. आधी दात काढताना काय झालं होतं, हे नीट विचारलेलं जास्त कामाचं.

रोपिव्हकेन ०.७५ टक्के. बुपिव्हकेनपेक्षा हृदयाला सौम्य, टिकायला किंचित कमी, किमतीला जास्त. हृदयाचा त्रास असलेला पेशंट असेल, मात्रा मोठी लागणार असेल, तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. बाकीच्यांना बुपिव्हकेन पुरेसं आहे.

लिग्नोकेन आणि बुपिव्हकेन अर्धं-अर्धं मिसळून द्यायची सवय खूप ठिकाणी आहे. लवकर लागतं हे खरं, पण टिकाऊपणा घटतो, आणि रात्रीसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. दोघांचा विषारीपणा एकमेकांत मिळतो, म्हणजे एकाची अर्धी मर्यादा वापरली तर दुसऱ्याचीही अर्धीच उरते. सर्जन हात धुवून वाट बघत उभे राहतात म्हणून मिश्रण करण्यापेक्षा ब्लॉक वीस मिनिटं आधी, बाहेरच्या खोलीत द्यावा. अमेरिकेत २०११ पासून बुपिव्हकेनचा चरबीच्या सूक्ष्म थेंबांत कोंडलेला, हळूहळू सुटणारा प्रकार मान्यताप्राप्त आहे. त्याची एक मुख्य चाचणी अंगठ्याच्या हाडाच्या ऑपरेशनवरच झाली होती. साध्या बुपिव्हकेनने एक रात्र निभावत असताना त्याच्या मागे लागायची आम्हाला गरज वाटत नाही.

आता मात्रा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या गणिताच्या असतात.

०.५ टक्के म्हणजे दर मिलीत ५ मिलिग्रॅम. बुपिव्हकेनची सुरक्षित मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम धरा. ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिली. अख्खी बाटली, आणि त्यापुढे थेंबही नाही. आता कापूस वेचणाऱ्या, ४० किलोच्या बाईचा विचार करा. आपल्या भागात अशा कितीतरी बाया आहेत. तिची मर्यादा ८० मिलिग्रॅम, म्हणजे १६ मिली. ‘एक पेशंट, एक बाटली’ या सवयीने तिला सरळ चार मिली जास्त जातं. तिच्यासाठी १५ मिली औषधात ५ मिली सलाईन मिसळावं. २० मिली होतं, ताकद ०.३७५ टक्के, एकूण ७५ मिलिग्रॅम. पाचही जागांना पुरतं आणि दुखणं तेवढंच थांबतं. शुगरमुळे नसा आधीच कमजोर झालेल्या पायाला तर कमी ताकदच चांगली. अशा नसांवर औषध जास्त वेळ टिकतं आणि त्यांना इजा व्हायची शक्यताही जास्त असते. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम. साधं लिग्नोकेन किलोला साडेचार मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ५० किलोला सुमारे ११ मिली. ३० मिलीच्या बाटलीतून हात सैल सोडून २० मिली काढले, तर ती मर्यादेच्या जवळपास दुप्पट मात्रा झाली. वजन काट्यावर करावं, अंदाजाने लिहू नये. आणि दोन्ही पायांना एकाच दिवशी ब्लॉक देऊ नये.

ॲड्रिनॅलिन मिसळलेलं औषध पावलाकडे नको, ते रक्तवाहिन्या आवळतं. शुगर, तंबाखू आणि आखडलेल्या रक्तवाहिन्या एकत्र आलेल्या पायात रक्तपुरवठा आधीच काठावर असतो.

सुई कुठे टोचायची? पावलाला पाच नसा आहेत. चार मांडीमागच्या मोठ्या नसेच्या फांद्या, पाचवी मांडीच्या पुढून येणारी. पोटरीच्या मागून येणारी टिबियल ही सगळ्यात महत्त्वाची, तळवा आणि टाच तिच्याकडे. आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूबंध) यांच्यामध्ये बोट ठेवलं की नाडी लागते. नाडीच्या लगेच मागे २५ नंबरची, दीड इंची सुई हाडापर्यंत न्यायची, दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायची, पिचकारीत रक्त येतं का ते ओढून बघायचं, मग हळूहळू ५ मिली. तळव्यात करंट गेला असं पेशंट म्हणाला तर सुई थोडी मागे घ्यायची. करंट येत असताना किंवा पिचकारी जड लागत असताना औषध ढकलायचं नाही, कारण तेव्हा सुईचं टोक नसेच्या आत असू शकतं.

दुसरी जागा पुढून. पेशंटला अंगठा वर उचलायला सांगा, घोट्यापुढे एक दोरी ताठ उभी राहते. तिच्या बाहेरच्या बाजूला पावलावरच्या नाडीलगत सुई हाडापर्यंत, थोडी मागे, ३ मिली. ही खोल पेरोनियल नस. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली खाच तिच्याकडे असते, म्हणून अंगठ्याच्या ऑपरेशनमध्ये हिला चुकवून चालत नाही. मग त्याच जागेवरून बाहेरच्या घोट्याकडे कातडीखाली आडवी रेघ ओढल्यासारखं ५ मिली, हिने पावलाची वरची बाजू बधिर होते. बाहेरचा घोटा आणि टाचेमागची शीर यांच्यामध्ये सुरल नसेला ४ मिली, करंगळीची कड तिची. आतल्या घोट्यापुढे, ठळक दिसणाऱ्या नीलेच्या आजूबाजूला सॅफेनस नसेला ३ मिली. बेरीज २०. या शेवटच्या तीन जागा कातडीखाली असल्याने तिथे फुगवटा दिसायला हवा. दिसला नाही तर सुई खोल गेली.

दर वेळी पाचही लागत नाहीत. करंगळीसाठी टिबियल, वरची आडवी रेघ आणि सुरल पुरतात. वाचलेलं औषध ही वाचलेली जोखीम. अगदी एकाच बोटाचं नख असेल तर घोट्याचीही गरज नाही. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मिळून २ ते ३ मिली साधं औषध बस. बोटात जास्त औषध भरलं तर त्याच्या दाबानेच रक्त अडतं.

लागलं की नाही, हे चिमटा काढून बघू नये. स्पिरिटचा बोळा आधी हाताला, मग पावलाला लावावा आणि ‘गार लागते का?’ विचारावं. गारवा गेला म्हणजे काम झालं. ‘हा पाय मायाच हाय का?’ असं पेशंटने विचारलं की निर्धास्त व्हावं. दाबल्याची, ओढल्याची जाणीव काहींना राहते, ते दुखणं नव्हे. हे आधी सांगितलं तर माणूस टेबलावर घाबरत नाही.

फसतं कुठे? पहिलं कारण घाई, दहाव्या मिनिटाला चिरा. दुसरं, टाच. टाचेच्या फांद्या टिबियल नसेपासून वरच फुटतात, सुई फार खाली टोचली तर तळवा बधिर होतो आणि टाच जागी राहते. तिसरं कारण संसर्ग. पू असलेल्या, लाल झालेल्या जागेत बधिर करणारं औषध नीट लागत नाही, कारण तिथलं आम्लपण औषधाला नसेत शिरू देत नाही. घोट्याचा ब्लॉक इथेच कामाला येतो. पू बोटात असतो, सुई वर, निरोगी कातडीत जाते. पण लाली घोट्यापर्यंत चढलेली असेल तर तिथून सुई घालून संसर्ग आत न्यायचा नाही. मग गुडघ्यामागचा ब्लॉक किंवा दुसरी भूल. चौथं, रक्त थांबवायचा पट्टा. मांडीला बांधला तर पाऊल सुन्न असूनही वीस-तीस मिनिटांत मांडी असह्य होते. घोट्याच्या जरा वर, भरपूर कापूस गुंडाळून बांधला तर बहुतेक जण सोसतात.

सोडा-बायकार्बची युक्ती माहीत असणाऱ्यांसाठी एक सूचना. लिग्नोकेनच्या १० मिलीत ८.४ टक्क्यांचा १ मिली सोडा घातला की टोचताना झोंबत नाही. तेच प्रमाण बुपिव्हकेनला लावलं तर औषधाचा पांढरा साका बसतो. तो टोचायचा नसतो, फेकायचा असतो.

आणि सगळ्यात गंभीर फसगत म्हणजे औषध रक्तात जाणं. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर लोखंडासारखी चव, कानात घूं आवाज, अचानक बडबड, मग झटके, मग हृदय. म्हणून दर ३-५ मिलीला ओढून बघायचं, पेशंटशी बोलत राहायचं, शिरेत आधीच सलाईनची सुई असायला हवी, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवं, आणि टोचल्यानंतर किमान अर्धा तास माणूस एकटा सोडायचा नाही. उतारा आहे: २० टक्के लिपिड, शिरेतून देतात ते पांढरं दुधासारखं औषध. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून हे पुढे आलं. ५० किलोला आधी ७५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला साडेबारा मिली. सोबत श्वास सांभाळणं, झटके थांबवणं आणि ॲड्रिनॅलिन नेहमीपेक्षा खूप कमी मात्रेत. हिशेब केला तर वीस मिनिटांतच सव्वातीनशे मिली लागतं, म्हणून कपाटात ५०० मिली तरी हवं. भुलेचं औषध प्रोपोफॉलही तसंच पांढरं दिसतं, पण ते याची जागा घेत नाही, उलट बीपी पाडतं. ज्या दवाखान्यात लिपिड नाही, तिथे ब्लॉक देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते २५ अंशांच्या वर ठेवायचं नसतं आणि गोठवायचंही नसतं. चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या स्टोअररूममध्ये ठेवलेली बाटली ऐनवेळी भरवशाची राहत नाही. एसी चालू राहणाऱ्या ऑपरेशन थिएटरात ठेवा, आणि संपायची तारीख दर महिन्याला बघा.

सोनोग्राफीवर बघून ब्लॉक दिला तर औषध कमी लागतं आणि नेम चुकत नाही, यात वाद नाही. पण आपल्याकडे सोनोग्राफी मशीन गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, ते पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही. भुलेचे डॉक्टर तर आज या गावात, उद्या त्या. म्हणून तालुक्याच्या पातळीवर बोटाने नाडी शोधून देण्याचीच पद्धत चालते. घोट्यापुरती ती चांगली चालते, सगळ्या खुणा कातडीवरून हाताला लागतात.

घोट्याचं हाड मोडलं असेल किंवा टाचेच्या हाडाचं मोठं काम असेल तर घोट्याचा ब्लॉक अपुरा पडतो. तिथे गुडघ्यामागचा ब्लॉक, २० ते ३० मिली पातळ केलेलं औषध, सोबत आतल्या बाजूसाठी सॅफेनसचा वेगळा. तो जास्त टिकतो, कधी पूर्ण दिवस, आणि तो सोनोग्राफीवरच द्यावा. त्याची खोट अशी की पाऊल लुळं पडतं, पंजा उचलत नाही. माणूस रात्री लघवीला उठतो आणि पडतो. घोट्याच्या ब्लॉकमध्ये पंजा उचलणारे स्नायू वर नडगीलगत शाबूत असतात, कुबडी किंवा वॉकर घेऊन चार पावलं टाकता येतात. कॅथेटर (बारीक नळी) ठेवून पंपाने दोन-तीन दिवस औषध देण्याची सोय नागपुरात ठीक आहे. पेशंट साठ किलोमीटरवर आणि फोनची रेंज शेताच्या बांधावरच, तिथे नको. नळी सरकली, पट्टी भिजली तर बघणार कोण? आणि ब्लॉक येत नसेल त्या सर्जननी निदान टाके घालताना कडेने ०.२५ टक्के बुपिव्हकेन १० ते १५ मिली भरावं. निरोगी कातडीत त्याने संध्याकाळ तरी शांत जाते.

विदर्भात काही गोष्टी विचारल्याशिवाय ब्लॉकची पिचकारी भरू नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात आहे. कार्ड आहे का, हे विचारा. नसेल तर तपासणी करा. सिकलसेलच्या माणसाला ब्लॉक फार चांगला, कारण दुखणं आणि ताण दोन्ही त्याचा त्रास उसळवतात. पण पट्टा बांधून रक्त अडवणं टाळावं, पाणी भरपूर द्यावं, थिएटरात गारठू देऊ नये. सापाच्या चाव्याची जखम साफ करायची असेल तर २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी आधी. रक्त गोठत नसताना खोल सुई नाही. याउलट हृदयाच्या स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना कंबरेतली सुई देता येत नाही, त्यांना घोट्याचा ब्लॉक वरदान आहे. जागा उथळ, रक्त आलं तर बोटाने दाबता येतं. शुगरच्या आणि जुन्या कुष्ठरोगाच्या पायात बधिरपणा आधीपासून असतो. तो कुठपर्यंत आहे ते कापसाने तपासून केसपेपरवर लिहून ठेवा, नाहीतर नंतर तो ब्लॉकच्या माथी येतो.

आता संध्याकाळ. सकाळी साडेदहाला ब्लॉक दिला तर तो रात्री आठ ते दोनच्या मध्ये कधीतरी उतरणार. बोटांत मुंग्या हा पहिला निरोप. मुंग्या आल्यापासून तासाभरात ठणका पूर्ण भरात येतो, आणि तो साध्या दुखण्यापेक्षा जास्त वाटतो, कारण दिवसभर काहीच दुखलेलं नसतं. तोंडातून घेतलेल्या गोळीला असर दाखवायला पाऊण-एक तास लागतो. म्हणजे दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी नेहमीच मागे पडते. ‘दुखत नाही तं गोळी कायले?’ हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो, आणि त्याचं उत्तर दवाखान्यातून निघण्याआधी दोनदा द्यायला हवं.

वेळापत्रक साधं आहे. संध्याकाळी सहाला जेवणासोबत पॅरासिटामॉल, रात्री बाराला गजर लावून दुसरी, सकाळी सहाला तिसरी. ५० किलोच्या वर १ ग्रॅम, खाली ६५० मिलिग्रॅम. पेशंट दारू पिणारा असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांनी ठरवून कमी. सोबत डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक, पण किडनी, अल्सर, दमा विचारूनच. उन्हाळ्यात शेतातून सुकून आलेल्या शुगरच्या पेशंटला ही गोळी किडनीवर बसते, त्याला नकोच. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, हे मोजायला विसरू नका. दिवसाची एकूण बेरीज धडधाकट माणसाला ४ ग्रॅम, किरकोळ अंगाच्याला ३ ग्रॅमच्या आत. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅमची एक-दोन गोळ्यांची पुडी राखीव, फक्त ठणका आवरला नाही तर. मळमळ, गरगर होते, आणि फिटचा आजार असेल तर वर्ज्य. डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम शिरेतून दिलं की ब्लॉक काही तास लांबतो, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी शुगर चढते. पू झालेल्या शुगरच्या पायाला आम्ही ते सुचवत नाही.

दुखणं मोजायला शून्य ते दहाची पट्टी आपल्या म्हाताऱ्या माणसांना परकी वाटते. आण्यांत विचारा. ‘रुपयात किती दुखते?’ म्हटलं की चार आणे, आठ आणे, बारा आणे असं झटकन उत्तर येतं. चार आण्यांपर्यंत झोप लागते. बारा आण्यांवर पोचलं तर राखीव गोळी, आणि तासाभरात उतरलं नाही तर पट्टी बघायलाच हवी. ब्लॉक चालू असतानाही आतून फुटल्यासारखं दुखत असेल, गोळीला दाद देत नसेल, तर ते औषध कमी पडल्याचं लक्षण समजून दुसरा ब्लॉक देऊ नका. आत दाब वाढतोय का, पट्टी आवळली का, हे आधी बघा. बोटं उघडी ठेवलेली असावीत. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. निळं, पांढरं, थंड असेल तर पट्टी तिथल्या तिथे सैल करायची आणि १०८ ला फोन.

घरच्या सोयीबद्दल दवाखान्यात कुणी बोलत नाही, आणि अर्धा त्रास तिथेच होतो. पाय छातीपेक्षा उंच हवा. उशा रात्रीतून सरकतात. बाजेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या रचल्या की सहा इंच उंची मिळते आणि ती हलत नाही. बर्फ जाड पट्टीतून पोचतच नाही, तो गुडघ्यामागे फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं ठेवावा. शेक मात्र अजिबात नाही. गरम विटेचा, मिठाच्या पुरचुंडीचा, गरम पाण्याच्या पिशवीचा, कसलाच नाही. सुन्न पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो, आणि शुगरच्या पायात त्या फोडाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. थंडीत शेकोटीजवळ पाय सोडून बसणंही त्यातच आलं. बसायच्या संडासात सुन्न पायावर उकिडवं बसता येत नाही. मधून कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची आधीच आणून ठेवा. आणि एसटीने जाणार असाल तर ब्लॉक चालू असतानाच घरी पोचा. पाय खाली सोडून दोन तास खड्ड्यांतून गेलं की सूज चढते, म्हणून मागची लांब सीट किंवा पाय पसरता येईल असं वाहन बघा. त्या रात्री एकटं राहू नये.

पाऊल २४ तासांनंतरही बधिरच असेल तर दवाखान्यात फोन करा, ४८ तास झाले तर जाऊन दाखवा. बहुतेक वेळा ते आपोआप उतरतं, पण नोंद हवी.

यासाठी एक पद्धत प्रत्येक दवाखान्याने लावून घ्यावी. ब्लॉक दिल्याची वेळ, औषधाचं नाव आणि किती मिली, हे पट्टीवरच काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहायचं. खाली ‘गोळी ६, १२, ६’. डिस्चार्जचा कागद पिशवीत तळाशी जातो, पण पट्टी सुनेला, शेजाऱ्याला, सकाळी येणाऱ्या आशाताईला समोरच दिसते. रात्री बाराला उठायला कोण गजर लावणार आहे, त्या माणसाचं नाव घरी पोचल्यावर नाही, वॉर्ड सोडण्याआधी विचारून घ्या, आणि पहिल्या दोन गोळ्या त्याच्याच हातात द्या.